डेटाबेसचं चित्र काढणारं साधन कसं निवडायचं?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यामुळे पतसंस्था, दवाखाने, शिकवणी वर्ग आणि लहान सॉफ्टवेअर कंपन्या अशा सगळ्यांना एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार आहे : लोकांची कोणती माहिती आपल्याकडे आहे, आणि ती नेमकी कुठे साठवलेली आहे?

बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी डेटाबेस बांधला, पुढे जशी गरज पडली तशी त्यात भर पडली, आणि बांधणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला. मग कोणीतरी सुचवतं, ‘एखादं डेटा मॉडेलिंग टूल आणा, सगळं चित्रात दिसेल.’ शोधायला बसलं की पंचवीस नावं समोर येतात. काही फुकट, काही डोळे पांढरे करणाऱ्या किमतीची, आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत तेच सुबक चौकोन आणि त्याच रेषा.

चित्र किती सुबक दिसतं यावरून साधन निवडू नये. चित्र आणि डेटाबेस यांत खरं कोणाला मानायचं, आणि दोघांचा मेळ कोण राखणार, हे आधी ठरवावं. ते ठरलं की यादी आपोआप आखूड होते.

आधी पाया : टेबल, की आणि रेषा

ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर हे सगळे ‘रिलेशनल’ डेटाबेस आहेत. ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये काम करत असताना मांडली. माहिती टेबलांत ठेवायची आणि एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीशी जोडायची ती केवळ समान मूल्यावरून, असं तिचं सार आहे.

सातबारा उतारा बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून तोच घेऊ. सरकारी प्रणाली आतून कशी बांधली आहे हा इथला विषय नाही. कागदावर जे दिसतं, ते साठवायला आपल्याला सांगितलं तर काय करावं लागेल, एवढंच पाहायचं आहे.

उताऱ्यावर गाव आहे, गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे, खातेदारांची नावं आहेत, प्रत्येक नावाजवळ फेरफार क्रमांक आहे आणि खाली गाव नमुना बारामध्ये पिकांच्या नोंदी आहेत. हे सगळं एकाच लांबलचक टेबलात भरलं, तर चार भावांच्या सामाईक गटासाठी तेच क्षेत्र चार वेळा लिहावं लागेल. मोजणीनंतर क्षेत्र बदललं आणि चारपैकी तीनच ठिकाणी दुरुस्त झालं, की उतारा स्वतःशीच भांडायला लागतो. म्हणून गटांचं टेबल वेगळं, खातेदारांचं वेगळं, पिकांचं वेगळं.

प्रत्येक नोंद ओळखण्याची जी खूण असते तिला प्रायमरी की म्हणतात. इथेच पहिली मेख आहे. ‘गट क्रमांक २३’ ही खूण पुरेशी नाही, कारण गट २३ शेजारच्या गावातही आहे. गाव आणि गट मिळून खूण बनते, आणि हिस्सा पडला असेल तर तोही धरावा लागतो. शिवाय ‘२३/१/अ’ असाही क्रमांक असतो, म्हणजे तो आकडा म्हणून साठवून चालत नाही, मजकूर म्हणून साठवावा लागतो.

दुसऱ्या टेबलातल्या नोंदीची खूण आपल्या टेबलात लिहून ठेवली की ती झाली फॉरेन की. पिकाच्या नोंदीत गटाची खूण असते. चित्रात हीच गोष्ट दोन चौकोनांना जोडणाऱ्या रेषेने दाखवतात.

आता खातेदार आणि गट. एका गटाचे अनेक खातेदार, आणि एका खातेदाराचे अनेक गट. असं दोन्हीकडून ‘अनेक’ असलं की एका रेषेने भागत नाही, मधे तिसरं टेबल लागतं. त्याला आपण ‘हक्क’ म्हणू : कोणत्या खातेदाराचा, कोणत्या गटात, किती हिस्सा. आणि सातबाऱ्याची एक फार महत्त्वाची रीत इथे लक्षात घ्यावी लागते. खातेदाराचं नाव कमी होतं तेव्हा ते पुसत नाहीत, नावाला कंस करतात. जुना हक्क दिसत राहतो. म्हणून ‘हक्क’ टेबलातून ‘फेरफार’ टेबलाकडे एक नव्हे, दोन रेषा जायला हव्यात : एक ज्या फेरफाराने नाव लागलं त्याची, आणि दुसरी ज्या फेरफाराने ते कमी झालं त्याची. ही दुसरी रेषा विसरली की कंस केलेली नावं साठवायला जागाच उरत नाही.

हे चित्रातच का पाहायचं?

कारण ती विसरलेली रेषा तलाठ्याच्या लक्षात येईल, प्रोग्रामरच्या येईलच असं नाही. तलाठ्याला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा, वाचता येत नसेल, पण सहा चौकोन आणि सात-आठ रेषा समोर ठेवल्या तर तो लगेच विचारेल, ‘बक्षीसपत्राने नाव कमी झालं तर ते कुठे दिसणार?’ कामाची खरी माहिती असलेला माणूस आणि डेटाबेस बांधणारा माणूस यांना एकाच कागदावर बोट ठेवून बोलता यावं, हा या चित्रांचा सगळ्यात मोठा उपयोग आहे असं मला ठामपणे वाटतं.

अशी चित्रं काढायची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली. त्यांच्या पद्धतीत नातं दाखवायला पत्त्यांतल्या चौकटसारखं वेगळं चिन्ह असतं. आजच्या बहुतेक साधनांत ‘क्रोज फूट’ पद्धत दिसते : रेषेच्या ज्या टोकाला तीन फाटे, त्या बाजूला ‘अनेक’, जिथे आडवी दांडी तिथे ‘एक’, आणि गोल असेल तर ‘नसलं तरी चालेल’. अमेरिकी सरकारी कामांतून आलेली आयडीईएफ-वन-एक्स नावाची आणखी एक पद्धत जुन्या प्रकल्पांत भेटते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने क्रोज फूट घ्यावी आणि पुढे जावं, या निवडीत फार वेळ घालवण्यासारखं काही नाही.

रेखाटन वेगळं, मॉडेल वेगळं

यादी निम्म्यावर आणणारा भेद हा आहे. ड्रॉ डॉट आयओसारख्या साधनात तुम्ही चौकोन काढता तेव्हा तो मुळात चौकोनच असतो. तो टेबल आहे हे तुम्हाला माहीत असतं, साधनाला नसतं. ‘खातेदार’ टेबल दोन पानांवर काढलं आणि एका पानावर त्यात कॉलम वाढवला, तर दुसऱ्या पानावर काही बदलत नाही.

मॉडेलिंगच्या साधनात चौकोनामागे खरी व्याख्या साठवलेली असते. टेबल एकदाच असतं आणि ते हव्या तितक्या चित्रांत दाखवता येतं. तीनशे टेबलांचा डेटाबेस एका चित्रात कोंबला तर तो छापून भिंतीवर लावता येईल, पण कोणी वाचणार नाही. जमिनीची नोंद एका चित्रात, महसूल वसुली दुसऱ्यात, पीक पाहणी तिसऱ्यात, असे भाग पाडता आले पाहिजेत आणि ‘गट’ टेबल तिन्हीकडे तेच असलं पाहिजे. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये एका मॉडेलखाली अनेक आकृत्या ठेवता येतात. ओरॅकलच्या डेटा मॉडेलरमध्ये यालाच सबव्ह्यू म्हणतात, अर्विन नावाच्या साधनात सब्जेक्ट एरिया.

फक्त बैठकीत कल्पना मांडायची असेल तर रेखाटन पुरेसं आहे, आणि त्यासाठी पैसे मोजायची काहीच गरज नाही. पण ते चित्र वर्षभराने डेटाबेसची माहिती म्हणून वापरायचं मनात असेल, तर मॉडेलच हवं.

कोणत्या दिशेने काम करणार?

नगरपालिकेने मंजूर केलेला घराचा आराखडा आणि प्रत्यक्ष घर यांचा विचार करा. घर बांधताना आराखडा खरा असतो. पुढे मालक गॅलरी बंद करून खोली काढतो आणि आराखड्यात ती खोली कधीच येत नाही. दहा वर्षांनी नळाची गळती शोधायला आलेला माणूस तोच आराखडा घेऊन बसला तर त्याची फसगत होते. डेटाबेस आणि त्याचं चित्र यांचं असंच होत जातं.

म्हणून काम कुठून कुठे जाणार हे पाहायचं. नवी प्रणाली उभी करताना चित्र आधी आणि त्यातून साधन टेबलं बनवणारा एसक्यूएल मजकूर लिहून देतं. याला फॉरवर्ड इंजिनीअरिंग म्हणतात. डेटाबेस आधीच असेल तर साधन तो वाचून चित्र काढतं, ते रिव्हर्स इंजिनीअरिंग. तिसरा प्रकार अवघड आणि खरा मोलाचा : दोन्ही समोर ठेवून फरक शोधणं आणि तेवढाच फरक मिटवणारा मजकूर तयार करणं. पहिले दोन प्रकार फुकट साधनांतही मिळतात. तिसरा किती नीट होतो, यात साधनासाधनांचा कस लागतो.

इथे एक धोका नीट समजून घ्या. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओतली आकृती थेट चालू डेटाबेसशी बांधलेली असते. तिच्यात बदल करून जतन केलं की टेबल खरोखर बदलतं. ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये १८.० आवृत्तीतून काढून टाकली आणि त्याच वर्षी १८.१ मध्ये परत आणली, म्हणजे तिच्यावर विसंबणारे लोक कमी नाहीत. वर्कबेंचमध्ये मॉडेल वेगळ्या फाइलीत राहतं, पण फॉरवर्ड इंजिनीअरिंग करताना ‘नवं बनवण्याआधी जुनं काढून टाका’ अशा अर्थाची एक चौकट असते. चालू डेटाबेसवर तिथे खूण केली तर टेबलांबरोबर आतली माहितीही जाईल.

डेटाबेस वाचला, पण रेषाच आल्या नाहीत

जुन्या डेटाबेसवर साधन चालवलं की पुष्कळांना पहिला धक्का हा बसतो : चौकोन भरपूर, रेषा एकही नाही. लोक साधनाला दोष देतात. दोष बहुधा त्याचा नसतो.

साधन रेषा काढतं ती डेटाबेसमध्ये जाहीर केलेल्या फॉरेन कीवरून. मायएसक्यूएलमध्ये पूर्वी टेबलं मायआयसॅम प्रकारात बनायची. तो प्रकार फॉरेन कीची ओळ वाचतो आणि सोडून देतो, साठवत नाही. ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हा प्रकार आपोआप मिळू लागला आणि तो फॉरेन की पाळतो, पण जुनी टेबलं पुष्कळ ठिकाणी तशीच चालत राहिली. काही प्रोग्रामर वेगाच्या भीतीने फॉरेन की मुद्दाम टाळतात आणि जोडणी फक्त प्रोग्रामच्या आत ठेवतात. अशा डेटाबेसमध्ये ‘खातेदार_क्र’ नावाचा कॉलम दिसतो, पण तो कुठे जोडायचा हे फक्त माणूस सांगू शकतो.

तुमची अवस्था अशी असेल, तर डेटाबेसला हात न लावता मॉडेलमध्ये स्वतःच्या हाताने रेषा जोडता येतात का, आणि पुढच्या वाचनात त्या टिकतात का, हे विचारा. नावांच्या सारखेपणावरून रेषा सुचवणारी साधनंही आहेत, स्कीमास्पाय त्यातलंच एक. सूचना उपयोगी असतात, पण प्रत्येक रेषा तपासून घ्यावी लागते.

मग कोणतं घ्यायचं?

फक्त मायएसक्यूएल असेल तर वर्कबेंचपासून सुरुवात करा. कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे आणि तिन्ही दिशा तिच्यात आहेत. पोस्टग्रेससाठी पीजीअ‍ॅडमिनमध्येच आकृतीची सोय आहे, लहान कामाला ती पुरते. पोस्टग्रेसच्या खास गोष्टींसह पूर्ण मॉडेल हवं असेल तर पीजीमॉडेलर पाहा. ते फक्त पोस्टग्रेससाठीच आहे आणि त्याचा कोड खुला आहे. ओरॅकलचा एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर फुकट असूनही भरभक्कम आहे, एसक्यूएल सर्व्हर आणि डीबी२ यांनाही चालतो. दिसायला जुनाट वाटतो म्हणून लोक तो बंद करतात. मला ते चुकीचं वाटतं.

असलेला डेटाबेस फक्त पाहायचा असेल तर डीबीव्हर पुरे. सगळी माहिती वेबपानांच्या रूपात काढून सहकाऱ्यांना द्यायची असेल तर स्कीमास्पाय.

अर्विन, ईआर/स्टुडिओ, पॉवरडिझायनर ही मोठी महाग साधनं बँका, विमा कंपन्या अशा ठिकाणी शोभतात. तिथे चार प्रकारचे डेटाबेस असतात, ‘जन्मतारीख’ या कॉलमचं नाव आणि प्रकार सगळीकडे सारखा हवा असतो, आणि एकाच कल्पनेतून वेगवेगळ्या डेटाबेससाठी मजकूर काढायचा असतो. डेटाबेसनिरपेक्ष आराखड्याला लॉजिकल मॉडेल म्हणतात आणि एका ठरावीक डेटाबेससाठी उतरवलेल्याला फिजिकल. एकच डेटाबेस असलेल्या संस्थेला हा खर्च करायचं मला तरी कारण दिसत नाही.

उरली मजकुरातून चित्र काढणारी साधनं. डीबीडायग्राममध्ये डीबीएमएल नावाच्या सोप्या भाषेत टेबलं लिहायची, चित्र शेजारी आपोआप उमटतं. मर्मेडमध्येही तसंच, आणि मर्मेडची आकृती गिटहब हे कोड साठवायचं संकेतस्थळ २०२२ पासून पानावर थेट दाखवतं. टीममधले सगळे कोड लिहिणारे असतील तर मी हाच मार्ग सुचवेन, का ते फाइलींच्या मुद्द्यात येईल.

मराठी अक्षरांची परीक्षा घ्या

टेबल-कॉलमची नावं रोमन लिपीत ठेवण्याची प्रथा आहे आणि ती सोयीची आहे. पण प्रत्येक कॉलमला मराठीत टिपण जोडता येतं, आणि कामाची माहिती असलेला माणूस तेच वाचणार असतो. चाचणीच्या वेळी ‘हिस्सा’, ‘क्षेत्र’, ‘आर्थिक वर्ष’ असे शब्द टिपणांत लिहा आणि चित्र पीडीएफमध्ये काढा. पडद्यावर नीट दिसणारी अक्षरं पीडीएफमध्ये फुटतात, वेलांटी भलत्या जागी जाते, रफार सुटून पडतो. हे विकत घेतल्यानंतर कळून उपयोग नाही.

त्याहून गंभीर गोष्ट कॉलमच्या प्रकाराची. एका डेटाबेसचं मॉडेल दुसऱ्यासाठी बदलताना साधन प्रकारही आपोआप बदलतं. मायएसक्यूएलमधला व्हारचार, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या प्रकारचा, कॉलम योग्य अक्षरसंच असेल तर मराठी नाव व्यवस्थित ठेवतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी साधारणपणे एनव्हारचार हा वेगळा प्रकार लागतो. २०१९ च्या आवृत्तीपासून सगळ्या लिपी साठवू शकणाऱ्या यूटीएफ-८ चा पर्याय मिळाला आहे, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. साधनाने नुसता व्हारचार लिहून दिला आणि कोणी पाहिलं नाही, तर ‘ज्ञानेश्वर’ साठवल्यावर प्रश्नचिन्हांची रांग उरते. मूळ अक्षरं त्यातून परत मिळत नाहीत.

अर्ध्या दिवसाची चाचणी

जाहिरातीतला नमुना डेटाबेस बाजूला ठेवा. स्वतःची आठ-दहा टेबलं घ्या, आतली माहिती न घेता फक्त रचना घ्या. डेटाबेसची प्रत काढून देणाऱ्या साधनांपैकी पोस्टग्रेसच्या पीजी-डंपमध्ये ‘स्कीमा-ओन्ली’ आणि मायएसक्यूएल-डंपमध्ये ‘नो-डेटा’ हे पर्याय त्यासाठीच आहेत. ही रचना साधनात वाचून घ्या. मग एक कॉलम वाढवा, एका कॉलमची लांबी बदला आणि एका कॉलमचं नाव बदला. आता साधनाला फरकाचा मजकूर लिहायला सांगा, चालवू नका, फक्त वाचा.

नाव बदलण्याची ओळ शोधा. चांगलं साधन ‘नाव बदला’ असं लिहितं. कच्चं साधन ‘जुना कॉलम काढा, नवा जोडा’ असं लिहितं, आणि जुन्या कॉलमबरोबर त्यातली सगळी माहिती जाते. दोन रचनांची नुसती तुलना केली तर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. आधीचं नाव लक्षात ठेवणारं साधनच त्यांतला फरक ओळखू शकतं. माझ्या मते निवडीचा सगळ्यात निर्णायक कस हाच आहे, आणि तो लावायला दहा मिनिटं लागतात.

याच वेळी वैयक्तिक माहितीच्या कॉलमांवर वेगळी खूण करता येते का तेही पाहा : आधार क्रमांक, मोबाइल, आजार, उत्पन्न. खुणेवरून यादी निघत असेल तर कायद्याच्या कामाचा मोठा भाग तिथेच होतो.

‘आमचा फ्रेमवर्क टेबलं बनवतो, चित्र कशाला?’

जँगो, रेल्स असे फ्रेमवर्क (प्रोग्रामचे तयार सांगाडे) वापरणारे किंवा डेटाबेसमधला प्रत्येक बदल फाइलीत लिहून ठेवणाऱ्या फ्लायवे, लिक्विबेस यांच्या फाइली जपणारे हा आक्षेप घेतात आणि त्यात तथ्य आहे. तिथे खरेपणाचा मान त्या बदल-फाइलींना दिलेला असतो. अशा ठिकाणी मॉडेलिंगच्या साधनाला डेटाबेस बदलण्याचा अधिकार देऊच नका. दोन ठिकाणांहून बदल होऊ लागले की गोंधळ ठरलेला. साधनाने फक्त वाचावं आणि प्रत्येक बदलानंतर ताजं चित्र काढावं. तेवढं पुरतं.

‘आता एआय रचना लिहून देतं’

देतं, आणि झटपट देतं. सातबाऱ्याचं वर्णन दिलं तर टेबलंही बनवेल. पण कंस केलेल्या नावांची दुसरी रेषा त्यात आली का, गट क्रमांकाची खूण गावासकट घेतली का, हे कोणीतरी तपासायलाच हवं. चाळीस टेबलांचा मजकूर ओळ न ओळ वाचण्यापेक्षा तो साधनात घालून चित्र पाहणं कितीतरी सोपं. रचना लिहिणं स्वस्त झालं आहे, म्हणून तपासण्याची साधनं उलट जास्त लागणार आहेत.

‘ऑनलाइन साधनात आमची माहिती बाहेर जाते का?’

रचनेची फाइल चढवलीत तर लोकांची माहिती जात नाही, पण तुम्ही काय काय साठवता हे जातं. फुकट खात्यातलं चित्र कोणाला दिसू शकतं ते चढवण्याआधी वाचून घ्या. साधन थेट डेटाबेसला जोडायचं असेल तर फक्त वाचता येईल असं वेगळं खातं बनवून द्या, मुख्य खात्याचा पासवर्ड कधीही देऊ नका. रुग्णांची किंवा कर्जदारांची माहिती असेल तर मी स्वतःच्या संगणकावर चालणारं साधनच घेईन.

फाइल कोणत्या रूपात राहते?

दोघांनी एकाच दिवशी मॉडेल बदललं तर काय होतं? वर्कबेंचची फाइल ही दाबून एकत्र केलेली फाइल असते. फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटला तिच्यातला बदल ओळीओळीने दाखवता येत नाही, दोघांपैकी एकाचं काम हाताने पुन्हा करावं लागतं. ओरॅकलचं साधन मॉडेल पुष्कळ छोट्या एक्सएमएल फाइलींत ठेवतं, त्यामुळे वेगवेगळ्या टेबलांवर काम करणाऱ्यांची टक्कर कमी होते. डीबीएमएल आणि मर्मेड तर साधा मजकूरच असतो. काय बदललं, कोणी बदललं, केव्हा बदललं, हे सरळ वाचता येतं.

साधन सोडायची वेळ आली तरी हाच मुद्दा येतो. अर्विन लॉजिक वर्क्सने बनवलं, पुढे प्लॅटिनम टेक्नॉलॉजीकडे आणि मग सीएकडे गेलं, २०१६ मध्ये वेगळी कंपनी झालं आणि आता क्वेस्टकडे आहे. साधन टिकलं, मालक बदलत राहिले, आणि मालकाबरोबर किंमत आणि अटी बदलू शकतात. टेबलांची व्याख्या एसक्यूएलच्या रूपात कुठूनही बाहेर काढता येते. टिपणं, हाताने जोडलेल्या रेषा, वैयक्तिक माहितीच्या खुणा आणि चित्रांची मांडणी मात्र बहुधा मागे राहते, आणि वर्षभराची मेहनत त्यातच असते. म्हणून चाचणीच्या दिवशीच मॉडेल टिपणांसकट बाहेर काढा, दुसऱ्या एखाद्या साधनात उघडा आणि काय पोचलं, काय गळलं ते लिहून ठेवा.